भावजींचं पातेलं बघायचं राहिलंय

सगळ्यांच्या आधी मल्लाप्पा आला.

सख्खे अजून एसटीची वाट बघत होते, खानापूरची नणंद घरातनं निघालीही न्हवती, आणि हा म्हातारा लेकीच्या स्कूटरवर मागं बसून आमच्या दारात हजर. आला आणि उंबऱ्यातच बसला. पाणी दिलं तर ते तसंच हातात धरून बसला.

माझे धाकटे दीर काल गेले. वसंत भावजी.

फोनवर बोललं की तो आपला आपण लिहितो, म्हणून बोलतीय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी लग्न होऊन निपाणीत आले तवा भावजी हाफ पॅन्टीत होते. सासूबाई आणि मी तंबाखूच्या वखारीत जायचो. संध्याकाळी आलो की अंगाला तंबाखूचा वास. भावजी नाक धरून अभ्यास करायचे आणि वर मलाच म्हणायचे, वहिनी, तुम्ही आलात की मला शिंका येतात, इंग्लिश पाठ होत न्हाय.

स्कॉलरशिपवर बेळगावात राहून इंजिनियर झाले. आमच्या गल्लीतले पहिले. सासूबाईंनी गल्लीभर साखर वाटली. घरात चहाला उरली न्हाय, गुळाचा केला.

मग हायवेकडच्या एका केमिकल कारखान्यात लागले. पंतप्रधान इंदिराबाई गेल्या त्याच्या पुढच्या-मागच्या सालातली गोष्ट.

तिथं एक रिॲक्टर होता. मी त्याला पातेलं म्हणायची. बंद झाकणाचं, घराएवढं. आतला माल तयार होताना आपला आपणच तापायचा. जास्त तापला की बिघडला, गार पडला तरी बिघडला.

भावजी घरी येऊन नुसतं त्याच्यावरच बोलायचे. जेवताना पण तेच. आमचे हे वैतागून म्हणायचे, त्याच्याशीच लगीन कर.

आता शांताक्काचं सांगते. आमची शेजारीण. रिकामी वाटी परत द्यायची न्हाय, ही आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. तिनं वाटीभर आमटी दिली, मी वाटी भरून बटाट्याची भाजी दिली, वर चार भजी. तिनं परत ताटभर शेंगाच्या पोळ्या. मग मी काय कमी? मी डबाभर करंज्या. दिवाळी नसताना.

हे असं वाढतच गेलं. दोघी चुलीपुढं बसून घामाघूम, आणि थांबायचं कुणी हे कळंना.

भावजी बघून पोट धरून हसले. म्हणाले, "वहिनी, आमच्या कारखान्यात हेच चाललंय. भांडं जरा तापलं की आमची माणसं गार पाणी पूर्ण सोडतात. ते गारठतं. मग घाबरून वाफ सोडतात. ते पुन्हा भडकतं. घेतलं त्याच्यापेक्षा जास्त परत करायचं, म्हणून वाढत जातंय."

"मग करायचं काय?"

"घेतलं त्याच्यापेक्षा कमीच परत करायचं. भांड्यानंही आणि पाणी सोडणाऱ्यानंही. मग दोघं एकमेकाला जोडलेले असले तरी भांडण वाढत न्हाय, आपोआप शांत होतं. याला पॅसिव्हिटी म्हणतात."

मी ऐकलं. शांताक्काला अर्धी वाटी आमटी पाठवली.

ती महिनाभर बोलली न्हाय.

मी भावजींना म्हटलं, तुमचं शास्त्र पातेल्याला लागू, शांताक्काला न्हाय.

पण पातेल्याला तरी लागू पडेल का, हे कुणाला ठाऊक? साहेब लोक हात लावू देत न्हवते. कागदावरचं कागदावर ठेव म्हणायचे. भावजी लई दिवस मागं लागले, तवा कुठं एक पाळी मिळाली.

त्या पाळीला व्हॉल्व्हवर हा मल्लाप्पा होता. आज उंबऱ्यात बसून त्यानंच सांगितलं. तापमानाची सुई चढायला लागली की याचा हात सवयीनं व्हॉल्व्हकडं जायचा. भावजी म्हणाले, मल्लाप्पा, हात पाठीमागं बांध. आत किती उष्णता साठली ते मी बसवलेला कंट्रोलर बघतोय, तेवढ्यापुरतंच पाणी सोडतोय. त्याला सोडू दे.

"आक्का, मी हात मागं बांधून देवाचं नाव घेत उभा," मल्लाप्पा म्हणाला. "सुई चढली. मग चढायची दमली. मग आपली आपण खाली येऊन बसली, शेरडू बसल्यागत."

त्या दिवशी भावजी सायकल टाकून आत पळत आले. "वहिनी, बसली. तुम्हाला एकदा नेऊन दाखवतो."

दाखवतो म्हणाले.

आधी गेटवर बायामाणसांना सोडत न्हवते. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग माझी बाळंतपणं. मग भावजीच बडोद्याला गेले, मोठ्या नोकरीवर. सुट्टीला आले की मी चहाच्या आधी विचारायची, "आमचं पातेलं?"

"पुढच्या वेळी नक्की."

रिटायर होऊन परत आले तवा माझे गुडघे गेले होते, आणि त्यांचं काळीज. दोघं कट्ट्यावर बसून त्या पातेल्याच्याच गप्पा मारायचो.

मी काय बघितलंय त्यातलं? काही न्हाय. पण ती सुई खाली येताना मला डोळ्यांसमोर दिसते. बघायची होती ती त्यांच्यासंगं.

मल्लाप्पाची लेक सविता आता त्याच कारखान्यात इंजिनियर आहे. म्हणाली, आजी, आता सगळं स्क्रीनवर आलंय, सुई गेली. पण रिॲक्टर तोच आहे, आणि चालवायची रीत काकांनी बसवून दिलेली. मी गेटवर सांगून ठेवते, खुर्ची पण ठेवते.

मयताच्या घरातनं उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. सगळे तसेच गुमान उठून गेले.

मल्लाप्पा पायरी उतरला, चपला घातल्या, आणि मागं वळून म्हणाला, "येतो आक्का. रविवारी."

नणंदेनं कपाळाला हात लावला.

मी म्हटलं, "ये रं. वाट बघते."

जयभीम, भावजी. तुमच्याशिवाय जायचं जिवावर आलंय, पण जाते.

रविवारी सकाळी मल्लाप्पा आणि सविता मला न्यायला येणार आहेत.