ओढणीचं टोक

लेक डबा विसरली म्हणून तिच्या वीज कार्यालयात गेलो, तर तक्रारीच्या खिडकीशी एक गृहस्थ तिच्यावर कडाडत होते. त्यांच्या घरात आजारी आई आणि कालपासून वीज नाही. मी रांगेच्या कडेला थबकलो. तिथून मला तिचा टेबलाखालचा हात दिसत होता. ओढणीचं टोक तिने मुठीत गच्च आवळलं होतं.

"काका, आईंना फार त्रास होतोय का?" तिने विचारलं.

ते बोलता बोलता थांबले. "पंख्याशिवाय तिचा डोळा लागत नाही हो," हळूच म्हणाले. तिने तिथल्या तिथे लाइनमनला फोन लावला.

आमच्या घरात रागाचाही तोरा. 'आमचं रक्तच गरम' हे आम्ही मिशीला पीळ देत सांगत आलो. आलेला राग समोरच्यावर ओतायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. तो मुठीत धरून समोरच्याचं ऐकणं आमच्यात कुणाला जमलं नव्हतं.

गृहस्थ गेले. मूठ सुटली. ओढणी पार चुरगळली होती.

"थंड डोक्याची आहे पोरगी," रांगेतले एकजण म्हणाले.

"डोकं थंड असेल, रक्त गरमच आहे," मी डबा सावरत म्हणालो. "माझी लेक आहे ती!"