शेणातलं कुटार

आमच्या घरात शेतीचा कारभार सासऱ्यांकडे, पैशांचा नवऱ्याकडे आणि शेणाचा आत्याबाईंकडे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गोठ्यात बैलजोडी, एक म्हैस आणि एक म्हातारी गाय. त्या सगळ्यांच्या शेणाला आत्याबाईंशिवाय कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. घरामागे त्यांनी रचलेला गोवऱ्यांचा ढीग इतका देखणा असायचा, की पाहुणे आधी तो बघायचे आणि मग पाणी प्यायचे. होळी आली की पोरं आमच्याच दारात. मारुतीपुढे कोणाला रोडगे भाजायचे असले, तरी गोवऱ्या आमच्याच. आत्याबाई कधी नाही म्हणाल्या नाहीत. फक्त ओट्यावरून ओरडायच्या, "वरच्या घ्या बापा, खालून ओढू नका."

चूल मात्र माझ्याकडे होती. सिलिंडर होतं, पण ते चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी, वरण, जनावरांचं आंबोण, अंघोळीचं पाणी, सगळं चुलीवर. माझे डोळे बारा महिने लाल. नवरा मला चिखलीला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब राहा. मला मनात हसू आलं. धुरापासून लांब म्हणजे स्वयंपाकघरापासून लांब, आणि मग भाकरी कोण टाकणार? पण मी बोलले काही नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेव्हाही उत्तर येत असून खाली मान घालून उभी राहायची. ती सवय काही गेली नाही.

त्याच सुमाराला कुठेतरी समुद्रात भांडण झालं, जहाजं अडकली आणि सिलिंडरची गाडी गावात येईना. असं गाडीवालाच म्हणाला. सासऱ्यांना ते पटेना. संध्याकाळी ओट्यावर बसून ते नवऱ्याला म्हणाले, "समुद्रात भांडन झालं तर आपल्या घरचा चहा काऊन बंद होते बे?"

"गॅस तिकडूनच येते बाबा. तेलही तिकडूनच. आपल्या देशात पुरत नाही."

"मंग आपल्या इथं काय आहे?"

"ऊन आहे. शेन आहे. मका आहे. मक्याचं आता इथेनॉल करते आन पेट्रोलमधी टाकते म्हनते."

"म्हंजे तुयी गाडी मका खाते."

"थोडा थोडा."

"मंग तिले बैलाजवळ बांधत जा."

मी आत भाकरी थापत ऐकत होते. देशाचं मला फार कळत नाही. पण गोठ्यात एवढं शेण पडलेलं असताना आपल्या घरचा चहा कुठल्या परक्या समुद्रावर अडून बसावा, हे मलाही चमत्कारिक वाटलं. नवऱ्याच्या डोक्यात तर ते घरच करून बसलं. सोयाबीन निघालं आणि त्याने गोबरगॅसचं काम काढलं. डोणगावकडचा एक मिस्त्री आला. गोठ्याशेजारी खड्डा, त्यात बांधलेली टाकी, टाकीवर लोखंडी टोप. आत गॅस भरला की टोप वर येणार आणि नळीतून गॅस माझ्या शेगडीत.

सासरे खूश नव्हते. ती जागा त्यांनी बैलांसाठी मनात धरली होती. ते म्हणाले, "आखाजीपर्यंत पायतो. चालला तर चालला, नाही तर गड्डा बुजवून टाकू." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने पुरणपोळी होते आणि सगळा भावकीचा गोतावळा जेवायला येतो. त्या दिवशी स्वयंपाक गॅसवर निघाला तर टाकी राहणार, असा त्याचा अर्थ. नवऱ्याने मान हलवली. मला कोणी विचारलं नाही. पण त्या टाकीवर माझ्याएवढी आशा लावून कोणीच बसलं नव्हतं.

मिस्त्रीने जाताना सगळ्यांना समजावलं. शेण तेवढंच पाणी घालायचं, कालवायचं, आणि काडी-कचरा आत जाऊ द्यायचा नाही. आत्याबाई पदर खोचून ऐकत होत्या. शेण टाकीत जाणार हे त्यांना आवडलेलं नव्हतं, पण ते टाकायचं तर दुसऱ्या कोणी टाकायचं नाही, हेही ठरलेलं होतं.

थंडीत टोप हळूहळू वर आला. पहिल्या दिवशी शेगडी पेटवली, तर निळी फुलं. आत्याबाईंनी नाकाला पदर लावला. "शेनाच्या वासाची पोई कोन खाईन?" मी चहा केला. सासऱ्यांनी बशीत ओतून घेतला, फुंकला, प्यायले.

"कसा आहे?" नवऱ्याने विचारलं.

"कालच्यासारखाच. साखर कमी."

साखर रोज कमीच असायची. म्हणजे चहा पास झाला.

शिवरात्रीपर्यंत माझं राज्य चाललं. मग टोप खाली बसायला लागला. आधी भाकरी पुरी होईना, मग वरण, मग चहाही उकळेना. चूल पुन्हा पेटली आणि माझे डोळेही. नवऱ्याने मिस्त्रीला फोन केला. तो आला, दोघा-चौघांनी मिळून टोप उचलला आणि सगळे आत वाकून बघू लागले. शेणावर कुटाराची जाड साय जमली होती, अगदी गोधडीसारखी. सोयाबीन काढल्यावर मागे राहतो तो भुसा म्हणजे कुटार. जनावरांना तोच घालतो आम्ही.

"एवढं कुटार आत गेलं कसं?" मिस्त्री म्हणाला. "हे वर तरंगते आन गॅस दाबून टाकते."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आत्याबाईच पहिल्यांदा बोलल्या. "म्हैस. तिचंच काम. लय हावरी आहे. अर्धं खाते, अर्धं सांडते, आन त्यातच शेन टाकते."

म्हशीची बाजू घेणारं कोणी नव्हतं. मिस्त्रीने साय काढून दिली, टोप बसवला आणि तो गेला. नवऱ्याने म्हशीचं कुटार बंद केलं. नुसता कडबा. ती दिवसभर हंबरायची. दूध उतरलं, चहा पांढऱ्याचा तांबूस झाला, आणि सासरे टाकीकडे बघून घसा खाकरायला लागले.

होळी झाली. टोप थोडा वर आला आणि पुन्हा खाली जाऊ लागला. एक दिवस सकाळी मी गोठ्यात पाणी न्यायला गेले. आत्याबाई शेण भरत होत्या. टोपलं ठेवलं, कोपऱ्यातल्या पोत्यात हात घातला, मूठभर कुटार टोपल्याच्या तळाला पसरलं, वर शेण, पुन्हा मूठभर, पुन्हा शेण. मी हंडा हातात घेऊन उभीच राहिले. शेण टोपल्याला आणि हाताला चिकटू नये म्हणून कुटार लावतात, गोवरीला तर ते हवंच, नाही तर ती फुटते. लग्न होऊन आल्यापासून त्यांना तसंच करताना पाहत होते. रोज दिसायचं, म्हणून दिसतच नव्हतं. आणि त्यांनाही दिसत नव्हतं. आपला हात काय करतो ते बघायला त्या कशाला खाली बघणार होत्या?

आता सांगायचं कसं? नवऱ्याला सांगितलं, तर तो जेवताना सगळ्यांसमोर बोलणार. सासऱ्यांशी तर मी पदराआडूनच बोलते. आणि आत्याबाईंना शेणातलं मी शिकवायचं म्हणजे त्यांच्या जन्माचं काम काढून घेतल्यासारखं. दुपारी म्हशीला पाणी पाजताना मी तिलाच सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं. तिला सांगणं सोपं होतं, ती माझ्याच बाजूची होती.

मग मी लवकर उठून स्वतःच शेण भरायला गेले. आत्याबाई मागून आल्या आणि टोपलं ओढून घेतलं. "काऊन वो? माये हात गेले काय?" मी टोपलं सोडून दिलं. झालं, तोही उपाय संपला.

आखाजी तोंडावर आली. नवरा गुळाचं बोलायला लागला आणि सासरे मुरुमाचं, खड्डा बुजवायला किती लागेल याचं. एका सकाळी मी पुन्हा गोठ्यात गेले. आत्याबाईंचा हात पोत्याकडे निघाला तसा मी टोपल्यावर माझा हात आडवा धरला.

"आत्याबाई, टाकीच्या शेनात कुटार नका टाकू."

त्या थांबल्या. हात पोत्यातच.

"काऊन?"

"मिस्त्रीनं ते काढलं होतं ना, गोधडीसारखं. ते म्हशीचं नव्हतं. ते हे होतं."

"त्यानं काडी-कचरा सांगतला होता. कुटार काय कचरा असते? जनावर खाते ते."

"हाव. पन टाकी नाई खात."

त्यांनी हात बाहेर काढला आणि तळव्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता टोपलं माझ्या अंगावर येतं. मग त्या म्हणाल्या, "मिस्त्री आला तवा काऊन नाई बोलली?"

"तवा मलेच मालूम नव्हतं."

"आन मालूम पडल्यावर?"

मी खाली पाहिलं.

"एवढी कायले भेतं मले? मी काय खाऊन राह्यली तुले?" त्यांनी टोपलं उलटं करून झटकलं. "आन मी त्या म्हशीले शिव्या देऊन राह्यली."

जेवताना त्यांनी स्वतःच विषय काढला. नवऱ्याला म्हणाल्या, "म्हशीले कुटार टाक आजपासून. तिचा गुन्हा नाई."

"मंग कोनाचा?"

"तुया. गॅस तूच आनला. कुटार नाई चालत, हे कोन सांगन मंग?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी वाढत राहिले. सासरे ताटात बघून हसत होते, ते मला पदराआडूनही दिसलं.

पुन्हा मिस्त्री बोलावला, पुन्हा गोधडी निघाली. वाटणीही ठरली, आत्याबाईंनीच ठरवली. गाईचं शेण गोवऱ्यांना, बाकीचं टाकीला. टाकीचं टोपलं त्या आता ओलं करून घेतात म्हणजे शेण चिकटत नाही. हात मात्र सारखा पोत्याकडे जातो, मग त्या स्वतःलाच रागावतात.

आखाजीच्या दिवशी टोप चांगला वर आलेला होता. मी पोळ्या लाटत होते आणि आत्याबाई येऊन शेजारी पाटावर बसल्या. चूल पेटली की स्वयंपाकघरात एकीनेच बसायचं आणि दुसरीने बाहेर पळायचं, असं आमचं इतकी वर्षं चाललेलं. त्या दिवशी दोघी बसलो होतो आणि एकमेकींचं तोंड नीट दिसत होतं. त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं.

"डोये बरे दिसून राह्यले तुये."

"हाव."

"माये बी असेच होते तुयावानी. लाल. मले वाटे बाईच्या जातीचे असेच असते." पुरणाचा गोळा त्या हातात फिरवत राहिल्या. मीही तव्याकडे बघायचं विसरले.

"पाय, पोई करपली," त्या म्हणाल्या. "आता धुराचं नाव नाई सांगता येत तुले."

ती पोळी मी माझ्या ताटासाठी बाजूला ठेवली आणि दुसरी टाकली. बाहेर पंगत बसली होती, सासरे कोणाला तरी टाकीजवळ नेऊन टोप दाखवत होते, आणि शेगडी अजून चांगली जळत होती.