बर्फातलं तळं आणि बाबा

मी वनरक्षक आहे. माझं बीट, म्हणजे माझ्या वाट्याचं जंगल, सिंदेवाहीच्या बाजूला आहे. दिवसभर पायी फिरायचं, वाघाचे ठसे बघायचे, झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांचे सेल बदलायचे, मोहफुलं वेचायला निघालेल्या बायांना आज इकडे नका येऊ म्हणून विनवायचं. त्या ऐकून घेतात आणि दुसऱ्या वाटेने जातात. संध्याकाळी घरी आलो की बूट काढणंही जिवावर येतं. तरी मी जुना लॅपटॉप उघडून पुन्हा जंगलातच शिरतो. बायको आधी हसायची. आता चहा ठेवून निघून जाते.

खेळ साधा आहे. बर्फाळ रानात एकटा सापडलेला माणूस. लाकडं गोळा करायची, विस्तव पेटवायचा, लांडग्यांपासून जपायचं. किती दिवस तगलो ते कोपऱ्यात दिसतं. पहिल्या वर्षी मी त्या आकड्याच्याच मागे होतो. मग सगळं कळलं, लाकूड कुठे, हरीण कुठे, लांडगा कुठून येतो. मरणं थांबलं आणि खेळ ड्युटीसारखा झाला. काढून टाकणार होतो.

त्याच सुमारास बाबा माझ्याकडे राहायला आले. जन्मभर त्यांनी गावच्या तलावात जाळं टाकलं. गुडघे गेले तेव्हा डोंगा, म्हणजे त्यांची लहान होडी, चुलतभावाच्या हवाली केला. एका रविवारी दुपारी ते खुर्ची ओढून बाजूला बसले. ते पांढरं दिसतं तो तलाव काय, असं त्यांनी विचारलं. हो म्हणालो, बर्फाला भोक पाडून गळ टाकता येतो, हेही सांगितलं. थंडीने मासोळ्या मरत कशा नाहीत, हे त्यांनी दोनदा विचारलं.

मग म्हणाले, "तू काऊन पळून राह्यला सारखा? लाकडं हायेत, पाणी हाये. आजचं पोट भरलं न. आता बस तिथी."

खेळातल्या त्या तळ्याकाठच्या झोपडीत मी मुक्काम टाकला तो आजवर हलवला नाही. दिवस मोजणं सोडलं. नियम बाबांचे. भूक तेवढीच मासोळी, वारा सुटला की पाण्यावर जायचं नाही. तीन वर्षं झाली, कंटाळा आलेला नाही. आता बाबांना स्क्रीन नीट दिसत नाही. मी सांगतो, ते ऐकतात.

मागच्या महिन्यात माझ्या बीटमध्ये वाघाने एका बाईला मारलं. तीन दिवस पंचनामा, गावकऱ्यांचा राग, पिंजरा. घरी आलो तो भिंतीला टेकून बसून राहिलो. बाबांनी चाचपडत लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "उघड न. पाहू, गळाले काय लागते."

उघडला. बारीकशी एक मासोळी लागली. मी मोठी आहे म्हणून सांगितलं.

"मंग उद्याचं भागलं," बाबा म्हणाले.

मी हो म्हणालो. सकाळी पुन्हा बीटवर जायचं होतं.