ब्रेकताईच्या पोटातले खडे

मोटार शिकवणाऱ्या त्या शाळेत तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ती आपल्या पायाखालचा जादा ब्रेक अशा नेमक्या वेळी दाबायची, की सगळ्यांनी तिचं बारसंच केलं होतं : ब्रेकताई. आवाज खणखणीत, हसणं सातमजली आणि अंगानं चांगली भरलेली. दिवसभर गाडीत बसायचं, दोन शिकवण्यांच्या मधे बिस्किटांचा पुडा फोडायचा, वर गोड चहा, आणि घरी गेलं की सोफ्यावर अंग टाकून द्यायचं. कुणी वजनावरून बोललंच तर म्हणायची, "मी बसलेय म्हणून तर गाडी वळणावर जमिनीला धरून असते!"

पन्नाशीच्या तोंडावर रक्त तपासलं, तेव्हा मात्र हसू जरा आटलं. साखर हद्दीवर येऊन उभी होती आणि यकृतावर चरबी साठली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटाचा घेर उतरवायला हवा. रोज चाला, गोड कमी करा. पण सावकाश हं, घाई नको."

ताईनं 'उतरवायला हवा' एवढंच ऐकलं. पुढचं या कानातून शिरून त्या कानातून निघून गेलं. तिचा स्वभावच एक घाव दोन तुकडे करणारा. दुसऱ्या दिवसापासून घरात काकडी, लिंबूपाणी आणि पाण्यासारखं सूप. तेलाचा थेंब नाही, पोटभर जेवण नाही. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. मितभाषी माणूस, पण त्यालाही राहवेना.

"अगं, माणसासारखं दोन घास खा. रात्री तुझ्या पोटातल्या आवाजानं मला जाग येते."

"यायलाच हवी. चरबीला निघायची नोटीस दिलीय," ताई म्हणाली.

चरबी खरंच भराभर निघाली. कपडे ढगळ झाले. शाळेतले म्हणू लागले, "ताई, ओळखूच येत नाही तुम्ही!" ताईला मूठभर मांस चढलं. तसं पाहिलं तर अंगावरचं तेवढंच वाढत होतं. शेवटी ठरवलेल्या आकड्याला काटा टेकला, त्या संध्याकाळी तिनं स्वतःलाच मेजवानी दिली. तळलेल्या भज्यांची थाळी आणि क्रीमच्या केकचा जाडजूड तुकडा. पुन्हा एक तुकडा.

रात्री पोट जड वाटलं, पण तिनं दुर्लक्ष केलं. सकाळी शिकवणी होती काकूंची. साठी उलटलेल्या या काकूंच्या यजमानांची नजर अधू झाली होती, गाडी दारात धूळ खात होती, म्हणून त्यांनी शिकायचं मनावर घेतलं होतं. पण कबूतर दिसलं तरी थांबायच्या. दुसऱ्या गिअरच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या.

मैदानाला वळसा घालून गाडी रस्त्याला लागली आणि ताईच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली. बघता बघता ती पाठीत शिरली, खांद्यापर्यंत गेली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. घाम फुटला, मळमळायला लागलं. ब्रेकवर पाय ठेवायचंही त्राण उरलं नाही.

"ताई! अहो, काय होतंय?"

"काकू... दवाखाना. सरळ जा."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "मी? मला तर उजवीकडेसुद्धा नीट वळता येत नाही!"

"दवाखाना डावीकडेच आहे!" कळवळतानाही ताई ओरडली. "क्लच दाबा. तिसरा टाका. तिसरा, काकू, पहिला नव्हे!"

गाडीनं दोन आचके दिले आणि मग सुरळीत धावू लागली. मागचे हॉर्न वाजवत होते. काकू खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या, "वाजवा हवे तेवढे, माझ्या गाडीत पेशंट आहे!" दवाखान्याच्या दारात मात्र त्यांनी ब्रेक असा दाबला, की ताईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हळू! हळू!"

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली. "आधीचं वजन आणि वाढती साखर, याच गोष्टी खड्यांना आमंत्रण देतात. त्यात तुम्ही झटक्यात बारीक झालात. अशा वेळी यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. पोटात स्निग्ध काही जातच नाही, मग पित्ताशय नीट रिकामं होत नाही. पित्त तिथेच तुंबतं आणि खडे धरतात. मग एकदम तेलकट खाल्लंत, पित्ताशय आवळलं आणि खडा त्याच्या तोंडाशी अडकला."

"म्हणजे वजन होतं ते वाईट आणि उतरवलं तेही वाईट? करायचं तरी काय बाईनं?"

"उतरवलं ते चांगलंच. घाई नडली."

"मी म्हणत नव्हतो?" निरोप मिळताच धावत आलेला नवरा कोपऱ्यातून पुटपुटला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्याचं खरं ठरलं होतं, तेव्हा ताईनं त्याला मन भरून मिरवू दिलं.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पित्ताशय काढलं. डॉक्टरीणबाईंनी खडे छोट्या बाटलीत घालून दिले. नवऱ्यानं ते आपलं भिंग लावून पाहिले आणि गंभीरपणे म्हणाला, "पॉलिश केले तर अंगठी होईल."

"तुमच्याच बोटात घाला," ताई म्हणाली, आणि हसताना टाके दुखले म्हणून पोट धरून बसली.

बरी झाल्यावर तिनं नवा शिरस्ता सुरू केला. पोटभर, पण साधं जेवायचं. तेल बेतानं, भाज्या भरपूर. शिकवण्यांच्या मधे बसून न राहता मैदानाला चक्कर मारायची. महिन्याकाठी वजन थोडंच हलायचं. कधी हलायचंच नाही, मग ती काट्याला चार शिव्या घालायची आणि चालायला निघायची. साखर हद्दीवरून मागे सरकली, तेव्हा डॉक्टरीणबाईंपेक्षा नवराच जास्त खूश झाला. तोही आता संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला येतो आणि वाटेत तिच्यापेक्षा जास्त धापा टाकतो.

परवा दोघं अशीच चालली होती. शेजारून एक गाडी मोठ्या ऐटीत गेली. स्टीअरिंगवर काकू, बाजूला काळा चष्मा लावलेले यजमान. काकूंनी काच खाली केली. "ताई, सोडू का घरी?"

"नको काकू, तुम्ही जा!" ताई ओरडली. "आमचं अजून अर्धं चालणं बाकी आहे."

काकूंनी हात हलवला आणि गिअर बदलून निघून गेल्या. नवरा मात्र त्या जाणाऱ्या गाडीकडे आशाळभूतपणे बघत राहिला.