डावखुरे सामुराई

माझ्या नवऱ्याला चाळिशीत जपानी चित्रकथांचं वेड लागलं आणि त्याचा फायदा झाला शेजारच्या रुकय्याला. ही गोष्ट रुकय्याची आहे. आमचे हे, विजयकुमार, यात फक्त गोंधळ घालण्यापुरते येतात, आणि ते काम ते नेहमीच मन लावून करतात.

दुबईत अल कुसैसला आमची दारं समोरासमोर होती. आम्ही पुण्याचे, ती रत्नागिरीकडची. तिचा नवरा हमदुल्ला देराच्या बाजारात मसाल्याच्या दुकानात होता. रुकय्या घरबसल्या मेंदीच्या ऑर्डरी घ्यायची. ईदच्या आधी तिच्या दाराबाहेर चपलांचा एवढा ढीग पडायचा, की मला माझ्याच घरात उडी मारून शिरावं लागे.

गिऱ्हाइकांची मेंदी ती उजव्या हाताने काढायची. बरी काढायची, पण नुसतीच बरी. एकदा माझ्या स्वयंपाकघरात दार लावून घेऊन तिने माझ्या लेकीच्या, शुभ्राच्या तळव्यावर डाव्या हाताने वेल काढली. मी पोळी लाटायची थांबले. पानापानाला जीव होता त्या वेलीत.

“अगं, हा हात लपवतेस कशाला?”

“लहानपणी ओढणीनं कमरेला बांधून ठेवायचे भाभी हा. अजून कुणासमोर सुटा ठेवायची भीती वाटते.”

मला भयंकर राग आला. आमच्याकडेही डाव्या हाताने प्रसाद घेतला की चापट बसते, तेव्हा मी फार मोठ्या तोंडाने बोलावं असं नाही. पण हात बांधायचा म्हणजे काय? पोर आहे की गाय?

आणि आता तिची पाच वर्षांची झाराही डावखुरी निघाली होती. केजीत नुकती ए बी सी गिरवायला लागली होती, ती डाव्या हाताने. त्यात हमदुल्लाची आई व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी येणार होती. रुकय्याचा हात ज्या पिढीने बांधला, त्याच पिढीची बाई. रुकय्याने तारीख ऐकली आणि तिची झोप उडाली.

त्याच सुमारास तिने विजयकुमारांची पुस्तकं पाहिली. मालक गेलेला एक सामुराई, म्हणजे जुन्या जपानमधला तलवारबहाद्दर, गावोगाव भटकतो, अशी ती लांबलचक मालिका. आमचे हे ऑफिसातून आले की शर्टसुद्धा न बदलता सोफ्यावर आडवे होऊन ती इंग्रजीतून वाचायचे. रुकय्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने नुसती चित्रं चाळली आणि ताडकन उठून बसली.

“भाभी, ही सगळी माणसं डावरी आहेत!”

मी पाहिलं तर खरंच की! तलवार उजव्या कमरेला, उपसायची डाव्या हाताने. बाण सोडणारा डावरा, पत्र लिहिणारा डावरा, भात खाणारी म्हातारीसुद्धा डावरी.

“एवढा मोठा मुलूख,” रुकय्या म्हणाली, “आणि कुणी कुणाचा हात बांधला नाही.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी चहा टाकायला उठले.

त्या दिवसापासून विजयकुमारांची पुस्तकं समोरच्या घरात मुक्कामाला गेली. हमदुल्लाने चित्रं पाहून मान डोलावली, “हे लोक तलवार चालवतात, तर आपली पोर पेन्सिल चालवेल. पण अम्मीला तू समजाव,” असं म्हणून तो मोकळा झाला. रुकय्या आता गिऱ्हाइकांसमोरही मेंदीचा कोन डाव्या हातात धरू लागली. दोघीतिघी कुजबुजल्या, एक उठून गेली. तिने हात बदलला नाही.

रुकय्याच्या सासूबाई आल्या. बाई वाईट नव्हती हो. आमच्यासाठीही आमसुलं आणली होती, नातीला फ्रॉक शिवून आणले होते. पण तिसऱ्याच दिवशी त्यांनी झाराला अभ्यासाला बसवून तिचा डावा हात ओढणीने खुर्चीला बांधला. रुकय्याने तो सोडला आणि पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं.

“अम्मी, जेवायचं उजव्या हातानं. ते आपल्या दीन-धर्मात आहे, मीच तिला शिकवलंय. पण लिहिणं तिच्या हातानं होऊ दे. हे बघा, एवढे मोठे बहाद्दर.”

सासूबाईंनी पानामागून पान उलटलं. “बघू,” एवढंच म्हणाल्या. पण ओढणी कपाटात गेली.

दोन आठवडे सुखाचे गेले. मग एका शुक्रवारी आम्ही दोघं तिथे चहाला गेलो, आणि विजयकुमारांनी पिशवीतून जपानी पुस्तक काढलं. त्यांच्या कंपनीचा साहेब जपानी होता. त्याने मूळ मालिकेतला एक भाग भेट दिला होता.

“गंमत ऐका! जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं. इंग्रजीत छापताना आपल्यासारखं डावीकडून उघडावं म्हणून त्यांनी सगळी चित्रं उलटी केली, आरशात दिसतात तशी. सामुराई उजव्याच हाताचे होते!”

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

“पाय का दाबतेस?” त्यांनी मोठ्याने विचारलं.

सासूबाईंनी ते पुस्तक घेतलं. आयुष्यभर उजवीकडून उर्दू वाचलेली बाई, तिने ते बरोबर बाजूने उघडलं. तलवार डाव्या कमरेला होती. मूठ उजव्या हातात.

“त्यांच्यात डावरी पोरं होतच नाहीत?” त्यांनी विचारलं.

“होतात की. साहेब स्वतः तसाच होता. म्हणाला, लहानपणी घरच्यांनी उजव्या हाताची सवय लावली.”

“मग खलास,” सासूबाई म्हणाल्या. कपाटातून ओढणी काढली, झाराला खुर्चीवर बसवलं आणि तिचा डावा हात बांधला. “तिथंपण सुधारतात, तर इथं का नाय?” झारा रडली नाही. आपल्या आईकडे बघत राहिली, आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. मी विजयकुमारांकडे असं पाहिलं की त्यांनी बशीत तोंड घातलं.

रुकय्या दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून बघत होती. जपानी, इंग्रजी, पुन्हा जपानी. मला वाटलं, संपलं. ज्याच्या जोरावर उभी राहिली, तेच पायाखालून गेलं. मग तिने दोन्ही पुस्तकं मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

“अम्मी, पुस्तक उलटं निघालं. मी त्याच्यावर भरवसा ठेवला, ते माझं चुकलं.” ती खुर्चीपाशी गेली. “पण माझा हात काही आरशातला नाही. झाराचाही नाही.”

“लोक हसतील पोरीला.”

“हसू देत. मी आहे ना.”

“मी हमदुल्लाला सांगीन!”

“सांगा. फोन मी लावून देते.”

आवाज चढला नव्हता तिचा. ती खाली बसली आणि सासूच्या डोळ्यांदेखत, डाव्या हाताने, गाठ सोडवायला लागली. गाठ पक्की होती, वेळ लागला. सासूबाईंनी अडवलं नाही. मदतही केली नाही.

ओढणी सुटली. मनगटावर लाल वळ उठला होता, रुकय्याने त्यावर फुंकर घातली. मग वही झारापुढे सरकवून पेन्सिल मधोमध ठेवली.

“लिही.”

झाराने दादीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. “विच हॅन्ड, मम्मा?”

“तुझं मन म्हणेल तो,” रुकय्या म्हणाली. “मी कुठलाच बांधणार नाही.”