हार्टविगचा गेलेला ‘तू’

आमच्या हेलर्सबेक गावातल्या हार्टविग ष्टूकेनब्रोकच्या खाटकाच्या दुकानात, सॉसेजच्या माळांच्या वर, एक जुना फोटो आहे. तीन पोरं आणि एक उंच मुलगी, सगळ्यांचे केस फुगवलेले. हा ‘केलरलिष्ट’ बँड, आमच्या गावचं नाव टीव्हीवर नेणारा. ती मुलगी मात्र आमच्या गावची नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, “ही कोण?” की हार्टविग म्हणतो, “कीबोर्डवाली,” आणि हॅम कापायला लागतो.

खरी कीबोर्डवाली आनेग्रेट. ती आणि हार्टविग बालवाडीपासूनचे, एकाच वाळूत खेळलेले. बँड जन्मला तो ह्याच दुकानाखालच्या तळघरात. फोल्कर गायचा, उवे गिटार वाजवायचा, हार्टविग ड्रम. वर टांगलेल्या हॅमचा वास कपड्यांत असा मुरायचा, की लग्नात वाजवायला गेले की आधी गावातली कुत्री स्वागताला यायची.

गाणी रचायची आनेग्रेट. तिचं ‘थांबता का?’ हे गाणं बसथांब्यावरच्या एका अनोळखी माणसासाठी होतं, म्हणून त्यात सगळं ‘तुम्ही’.

“अगं, प्रेमाचं गाणं आहे का टॅक्स ऑफिसातला अर्ज?” फोल्कर म्हणाला होता.

“तू गा तर आधी!”

त्या ‘तुम्ही’वरच लोक भाळले. रेकॉर्ड निघाली, टीव्हीचं बोलावणं आलं. मग कोलोनहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. टीव्हीवर खरं कोणी वाजवत नाही, रेकॉर्डच लावतात, तर कीबोर्डमागे जरा बघण्यासारखी मुलगी उभी करू, म्हणाला. आनेग्रेट जाडजूड, चष्मेवाली. कोणी विरोध केला नाही. तिला सांगायचं कोणी, तर हार्टविगने, कारण त्यांची मैत्री लहानपणापासूनची.

हार्टविग तिच्याकडे गेला, तिच्या आईने केलेला आलुबुखाऱ्याचा केक खाल्ला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा केक खाल्ला. मित्रांना म्हणाला, “सांगितलंय. तिची काही हरकत नाही.”

आनेग्रेट स्टुडिओत आली ती आईने खास शिवलेला हिरवा झगा घालून. तिच्या कीबोर्डमागे एक उंच मुलगी ओठांना रंग लावत उभी होती.

“हार्टविग, ही कोण रे?”

हार्टविग ड्रममागे बसला होता. आवाज होऊ नये म्हणून झांजांवर रबराच्या चकत्या बसवल्या होत्या. त्याने त्या चकत्यांकडेच बघितलं.

“मला काय माहीत?”

दिवे लागले. इकडे गावच्या खानावळीत सगळं गाव टीव्हीपुढे जमलं होतं, आणि आनेग्रेटची आई पुढच्या खुर्चीवर बसून झगा कधी दिसतो याची वाट बघत होती.

पुढे बँडचं जे व्हायचं ते झालं. आनेग्रेट गेली तशी गाणीही गेली. आणखी दोन रेकॉर्डी निघाल्या, त्या कोणी घेतल्या नाहीत. शेवटचा कार्यक्रम एका फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनाला झाला. लोक सोफ्यांवर बसून ऐकत होते आणि मधेच उठून गाद्या दाबून बघत होते. मग हार्टविगने बापाचा सुरा हातात घेतला. आनेग्रेट बीलेफेल्डला गेली, आई आजारी पडल्यावर परत आली, चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागली. मांस मात्र पलीकडच्या गावातून आणायची.

यंदा गावच्या जत्रेत जुना बँड वाजावा असं ठरलं. आनेग्रेटला बोलवायला पुन्हा हार्टविगलाच पाठवलं. जीव मुठीत धरून त्याने बेल वाजवली.

“या, श्रीयुत ष्टूकेनब्रोक. बसा.”

तो हसला. थट्टा असेल, वाटलं त्याला. ती हसली नाही. आमच्याकडे जर्मनीत एकदा ‘तू’ झालं की ते मरेपर्यंत. घटस्फोट झालेले नवराबायकोसुद्धा कोर्टाच्या दारात एकमेकांना ‘तू’ म्हणूनच शिव्या घालतात. दिलेला ‘तू’ काढून घेणं म्हणजे माणूस ओळखीतून खोडून टाकणं. हार्टविगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आनेग्रेट, मला सांगायचं होतं...”

“काय?”

समोर केक होता.

“केक छान झालाय.”

“आईची कृती आहे. वाजवायला मी येईन. गाणं माझं आहे.”

रविवारी दुपारी जत्रेच्या तंबूत ती अशी वाजवत होती की गाव नेहमीसारखं चुकीच्या मात्रेवर टाळ्या पिटत असूनही गाणं हललं नाही. नंतर बिअरचे ग्लास भरले गेले.

“फोल्कर, तू अजून तसाच बेसूर आहेस! आणि उवे, दाढी कसली ही तुझी?” आनेग्रेट म्हणाली.

हार्टविग ग्लास पुढे धरून उभा राहिला. आमच्याकडे ग्लासला ग्लास लावूनच ‘तू’ देतात; तो द्यायचा मान मोठ्याचा, आणि वयाने ती मोठी. तिने ग्लासला ग्लास लावला.

“छान वाजवलंत तुम्ही,” म्हणाली, आणि उवेकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गर्दी असताना आनेग्रेट आत आली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिची नजर फोटोवर गेली.

“ही कोण हो?”

हार्टविगचा सुरा थांबला. ‘कीबोर्डवाली’ हा शब्द सवयीने जिभेवर आला होता. रांगेत पाद्रीबाई होत्या, उवेची बायको होती. धरणी दुभंगली असती तर तो आनंदाने आत उतरला असता.

“तुमच्या जागी उभी केलेली मुलगी,” तो म्हणाला. “तुम्हाला सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं म्हणून सगळ्यांशी खोटं बोललो. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा, मला काय माहीत, म्हणालो.”

आनेग्रेटने चष्मा काढून पुसला, परत घातला.

“माझी आई खानावळीतल्या त्या खुर्चीवरून कार्यक्रम संपला तरी उठली नव्हती,” ती म्हणाली.

हार्टविग मान खाली घालून सुरा पुसू लागला.

“पाव किलो हॅम दे,” ती म्हणाली. “आणि जरा पातळ काप रे.”

त्याला मान वर करवली नाही. सगळे काप जाडच निघाले.