खाली राहिलेली चिठ्ठी

एन्सिओ राउतिओला हा फिनलंडमधल्या आमच्या योएन्सूच्या संशोधन संस्थेतला युनिक्सवाला, म्हणजे सगळ्यांचा मोठा संगणक सांभाळणारा. मी त्याच्याच हाताखाली शिकले. माणूस हुशार, पण कमालीचा एककल्ली. राय धान्याची भाकरीसुद्धा भिंतीकडे तोंड करून खायचा. बायको इर्या वरच्या मजल्यावर ग्रंथालयात. घरीही दोघं फारसं बोलत नसावीत, कारण काही सांगायचं असलं की ती संगणकावरच्या त्याच्या फोल्डरमध्ये चिठ्ठी लिहून ठेवायची.

मोठ्या यंत्राची डिस्क त्यानं भाग पाडून लावली होती. एक भाग यंत्राचा, एक लोकांच्या फायलींचा. यंत्र सुरू झालं की सुरुवातीची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, लोकांचा भाग एका रिकाम्या फोल्डरवर आणून जोडायची. एका फेब्रुवारीत त्यानं नवी डिस्क घातली, भागांचे क्रमांक सरकले आणि स्क्रिप्टमध्ये जुनाच क्रमांक राहिला. भाग जोडलाच गेला नाही. दुपारपर्यंत लोकांनी जे लिहिलं ते त्या रिकाम्या फोल्डरमध्येच साठलं. चूक कळताच एन्सिओनं घाईघाईनं भाग हातानं जोडला. जुन्या फायली परत दिसू लागल्या आणि सकाळच्या त्यांच्याखाली झाकल्या गेल्या.

"माझी चिठ्ठी वाचलीस?" इर्यानं त्याच दुपारी कँटीनमध्ये विचारलं.

"खाली राहिली ती. बघायची तर भाग सोडवावा लागेल, म्हणजे सगळ्यांचं काम परत बंद. आधीच शोभा झालीय माझी. तू पुन्हा लिही ना."

"एकदा लिहितानाच जीव मेटाकुटीला आला रे."

"मग तोंडानं सांग."

ती माझ्याकडे वळली. "ऐकलंस पिर्को? हा मला तोंडानं सांग म्हणतोय!"

तिनं सांगितलं नाहीच. जूनमध्ये ती स्वीडनला, उमेओला नोकरीवर गेली, ती कायमची. एन्सिओनं कारण विचारलं नाही. नऊ वर्षं यंत्र एकदाही थांबलं नाही, याचीच फुशारकी मारत राहिला. मला त्याचा संताप यायचा. रविवारीही तो यंत्रापाशीच बसलेला दिसला की वाईटही वाटायचं.

यंत्र मोडीत निघालं त्या दिवशी मी भाग सोडवला. खाली त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये एकच फाईल होती. मी उठून त्याला खुर्ची दिली. त्यानं मोठ्यानं वाचलं.

"उमेओहून बोलावणं आलंय. आज चारला घरी कॉफीला ये. आलास तर त्यांना नाही म्हणून कळवते."

मग त्यानं फाईलची तारीख पाहिली.

"अगं पिर्को," तो म्हणाला, "त्या दिवशी चारला मी इथं नुसताच बसून होतो."